बी२नंतरचं फ्रेंच: इंग्रजीची वाट सोडून मराठीच्या वाटेनं

पुण्यात फ्रेंच शिकलेले पुष्कळ जण बी२पाशी (ए१ ते सी२ या सहा युरोपीय पातळ्यांतल्या चौथीपाशी) येऊन थांबतात. अकरावी-बारावीला मार्कांसाठी घेतलेलं फ्रेंच, मग रानडे इन्स्टिट्यूटचा सर्टिफिकेट-डिप्लोमा किंवा सेनापती बापट रस्त्याजवळच्या आलियाँस फ्राँसेझचे टप्पे, आणि शेवटी बी२ची परीक्षा. तोवर सगळं पायरीपायरीनं चाललेलं असतं. आज हा काळ, उद्या ते सर्वनाम. बी२नंतर पायऱ्या संपतात. व्याकरणाचं पुस्तक उघडावं तर सगळं आधीच शिकलेलं, आणि रेडिओ लावावा तर निम्मं डोक्यावरून जातं.

सी१ची, म्हणजे त्यापुढच्या पातळीची, तयारी आम्ही चौघांनी मिळून दीड वर्ष केली, आठवड्याला आठ ते दहा तास. पहिले पाच महिने शब्दांच्या याद्या आणि सोडवलेलंच व्याकरण पुन्हा सोडवण्यात गेले. त्यानं फरक पडला नाही. मग तपासून आलेल्या प्रत्येक निबंधातल्या चुका एका वहीत उतरवायच्या आणि समोर चुकीचं कारण लिहायचं, असं सुरू केलं. दोन महिन्यांत वहीचं चित्र स्पष्ट झालं. बऱ्याच चुका फ्रेंच येत नाही म्हणून झालेल्या नव्हत्या. डोक्यात वाक्य मराठीत तयार होत होतं, सवयीनं इंग्रजीत जात होतं आणि तिथून फ्रेंचमध्ये उतरत होतं. इथे फ्रेंच इंग्रजीतून शिकवलं जातं, पुस्तकंही त्याच वळणाची, त्यामुळे हा वळसा कोणाच्या लक्षातही येत नाही. तो वळसा काढून टाकणं हीच आमच्या तयारीतली सगळ्यात उपयोगी गोष्ट ठरली.

मराठी कुठे थेट नेते

सगळ्यात आधी ‘पासून’. ‘मी तीन वर्षांपासून पुण्यात राहतो’ यात मराठीत क्रियापद वर्तमानकाळी आहे. फ्रेंचमध्येही वर्तमानकाळच: ‘जाबित आ पुने दप्वी त्र्वाझाँ’. इंग्रजीतून आलेला माणूस इथे भूतकाळ घालतो आणि चुकतो. (फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिताना उच्चार जवळपासचाच उतरतो, तेवढं गृहीत धरावं.)

‘मला दहा मिनिटं लागतात’ हे ‘इल म फो दी मिन्यूत’. ‘माझी दोन पानं उरली आहेत’ हे ‘इल म रेस्त दो पाज’. ‘हे पुस्तक मला आवडतं’ हे ‘स लिव्र म प्ले’. दोन्हीकडे पुस्तक कर्ता आणि ‘मला’ चतुर्थीसारखं. या रचना बी१ला शिकवतात, पण त्या अपवाद म्हणून शिकवल्या जातात, म्हणून लिहिताना वापरायचं धाडस होत नाही. मराठी माणसाला त्यात अपवाद वाटावं असं काही नाही.

मराठीतला ‘च’ फ्रेंचमध्ये आवाज चढवून येत नाही. तो वाक्याच्या रचनेतून येतो. ‘मीच केलं’ म्हणजे ‘से म्वा की ले फे’. ‘पुण्यातच भेटलो’, ‘कालच कळलं’, सगळ्यांना हीच चौकट. आपण दिवसातून शेकडो वेळा ‘च’ बोलतो, त्यामुळे ही चौकट अंगवळणी पडायला आठवडा पुरतो. एक काळजी घ्यायची: ‘की’च्या पुढचं क्रियापद त्या व्यक्तीप्रमाणे चालतं. ‘म्वा की’नंतर ‘ए’ (मी-चं रूप) येतं, ‘आ’ (तो-चं) नाही.

‘दों’ या सर्वनामाला बी२ झालेले लोकही घाबरतात. मराठीत ‘ज्याचा, ज्याची, ज्याचं’ येत असेल तिथे बहुतेक वेळा ‘दों’ बसतं. ज्याची गरज आहे, ज्याची भीती वाटते, ज्याचा अभिमान आहे, ज्याची आठवण आहे: चारही ठिकाणी फ्रेंच क्रियेला ‘द’ लागतं, म्हणून चारही ठिकाणी ‘दों’. फसवणारा एक शब्द म्हणजे विचार. ‘ज्याचा विचार करतो’ इथे फ्रेंच क्रियापद ‘आ’ घेतं, म्हणून ‘ओकेल’. तो एक अपवाद वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला की झालं.

सब्जाँक्तिफसाठी (इच्छा, शंका दाखवणाऱ्या क्रियापदाच्या रूपासाठी) तर मराठीइतकी चांगली शिकवणी दुसरी नाही. ‘तू येशील असं मला वाटतं’ आणि ‘तू यावंस असं मला वाटतं’ या दोन वाक्यांत ‘वाटतं’ तेच आहे, पण पहिल्यात अंदाज आहे आणि दुसऱ्यात इच्छा. फ्रेंच नेमका हाच फरक करतं: पहिल्यात साधा भविष्यकाळ, दुसऱ्यात सब्जाँक्तिफ. ‘आशा आहे’ आणि ‘इच्छा आहे’ यांचंही तसंच. आशेपुढे आपण ‘येशील’ म्हणतो, तिथे ‘एस्पेरे’नंतर साधं रूप. इच्छेपुढे ‘यावंस’, तिथे ‘स्वेते’नंतर सब्जाँक्तिफ. क्रियापदांच्या लांबलचक याद्या पाठ करण्याऐवजी ‘मराठीत -आवं येतंय का’ एवढं विचारलं तर आमच्या वहीतल्या सब्जाँक्तिफच्या बहुतेक चुका तिथल्या तिथे सुटत होत्या. कसोटी दोन ठिकाणी फसते. एक, नकारातून येणारी शंका: ‘तो येईल असं वाटत नाही’ यात मराठीत साधं रूप, फ्रेंचमध्ये सब्जाँक्तिफ. दुसरं, ‘जरी’: ‘ब्यँ क’ घेतलं तर सब्जाँक्तिफ, ‘मेम सी’ घेतलं तर नाही. मराठी दोन्हीला ‘जरी’च म्हणते, म्हणून हे वेगळं लक्षात ठेवावं लागतं.

आणि सगळ्यात आवडता मुद्दा. ‘मी पत्र लिहिलं’, ‘मी चिठ्ठी लिहिली’. लिहिणारा मीच, पण क्रियापद चालतं कर्माप्रमाणे. फ्रेंचमध्ये भूतकाळी धातुसाधिताची कर्माशी जुळणी करताना शिकणारे हैराण होतात, कारण इंग्रजीत असं काही नाही. आपल्याला ही कल्पना बाळबोध आहे. फरक इतकाच की फ्रेंचमध्ये कर्म आधी आलं असेल तरच जुळणी होते. ‘जे एक्री ला लेत्र’, पण ‘ला लेत्र क जे एक्रीत’. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीनं इटालियनचा दाखला देऊन हा नियम पद्यात मांडला, तेव्हापासून तो शाळकरी फ्रेंच मुलांनाही छळतो आहे. बहुतेक क्रियापदांत जुळणी फक्त लिहिताना दिसते, ऐकू येत नाही. ऐकू येणारी थोडी आहेत: प्री-प्रीझ (घेतलं), मी-मीझ (ठेवलं), फे-फेत (केलं), एक्री-एक्रीत (लिहिलं), उव्हेर-उव्हेर्त (उघडलं). सराव याच पाचांवर करावा. तोंडी परीक्षेत ‘ला देसिझियों क जे प्रीझ’ असं स्वच्छ आलं की परीक्षकाच्या कानाला ते लगेच कळतं. मराठी माणसाची चूक इथे उलट्या बाजूनं होते: कर्म नंतर आलं तरी आपण जुळवून टाकतो.

मराठी कुठे दगा देते

‘मी काल डेक्कनला गेलो होतो.’ मराठीत हे अगदी साधं वाक्य आहे. त्याचं शब्दशः फ्रेंच केलं की ‘प्ल्यू-क-पार्फे’ येतं आणि फ्रेंच ऐकणारा वाट बघत बसतो की त्यानंतर काय झालं. तिथे ‘झालेल्याच्या आधी झालेलं’ असेल तरच तो काळ वापरतात: मी पोचेपर्यंत बस गेली होती. आमच्या चौघांच्याही वहीत ही चूक पहिल्या पाचांत होती. उपाय एकच: वाक्य मनात आल्यावर त्यातला ‘होतो’ काढून बघायचा. ‘मी काल डेक्कनला गेलो’ चालत असेल तर ‘पासे कोंपोझे’, म्हणजे नेहमीचा भूतकाळ.

उलट ‘राहत होतो’ आणि ‘राहायचो’ हा फरक फ्रेंच करत नाही. दोन्हीला ‘जाबिते’. हे सोपं आहे, त्यात अडू नये.

लिंग हा मात्र दीर्घ आजार आहे. मराठीला तीन लिंगं आहेत, फ्रेंचला दोन, आणि आपलं लिंग नकळत तिकडे जातं. चंद्र पुल्लिंगी, म्हणून ‘ल ल्यून’ तोंडात येतं. हवं ‘ला ल्यून’. मृत्यू पुल्लिंगी, पण ‘ला मोर’. समस्या स्त्रीलिंगी, पण ‘ल प्रोब्लेम’. सी१ला शब्द ओळखीचे नसतात, तेव्हा शेवटावरून ठरवावं लागतं. ‘-सियों’ स्त्रीलिंगी, ‘-माँ’ने संपणारी भाववाचक नामं पुल्लिंगी, ‘-इझ्म’ पुल्लिंगी, ‘-ते’ने संपणारी भाववाचक नामं स्त्रीलिंगी. ‘-आज’ पुल्लिंगी, पण पाज, प्लाज, इमाज, काज, राज, नाज हे सहा स्त्रीलिंगी. ‘-अर’ने संपणारी भाववाचक नामं (कुलर, पर, दुलर, व्हालर) स्त्रीलिंगी, पण बोनर, मालर, ओनर, लाबर पुल्लिंगी. नवा शब्द वहीत एकटा लिहायचा नाही, एखादं विशेषण जोडून लिहायचा, आणि विशेषण असं निवडायचं की लिंग कानाला कळेल. ‘ग्राँ-ग्राँद’ चालेल, ‘रूज’ नाही, कारण ते दोन्हीकडे सारखंच.

आर्टिकल मराठीत नाहीतच, त्यामुळे ती चूक शेवटपर्यंत साथ सोडत नाही. क्रियापदापुढे ‘आ’ की ‘द’ हेही असंच. कोमाँसे आ, रेय्युसीर आ, देसिदे द, एसाये द. यात तर्क शोधण्यात वेळ घालवू नये. क्रियापद आणि त्याचा प्रत्यय मिळून एकच शब्द समजून पाठ करावा.

इंग्रजीच्या वळशातून येणारे सोंगाडे शब्द (दिसायला इंग्रजीसारखे, अर्थानं वेगळे) हा वेगळाच खड्डा. ‘एव्हाँत्युएलमाँ’ म्हणजे वेळ पडल्यास, शेवटी नव्हे. ‘आक्त्युएलमाँ’ म्हणजे सध्या. ‘देले’ म्हणजे मुदत, उशीर नव्हे. ‘फोर्मासियों’ म्हणजे बहुतेकदा प्रशिक्षण. अप्पा बळवंत चौकातली दुकानं म्हणजे ‘लिब्रेरी’, आणि पुणे नगर वाचन मंदिर म्हणजे ‘बिब्लियोतेक’. असे शब्द मराठी अर्थासमोरच लिहावेत. वहीत इंग्रजी अर्थ आला की खड्डा पुन्हा उघडतो. ‘आँ नेफे’ हे जोडशब्दांतलं (वाक्यं जोडणाऱ्या शब्दांतलं) सगळ्यात जास्त चुकवलं जाणारं रूप. त्याचा अर्थ ‘खरं तर’ असा नाही. आधीच्या वाक्याला दुजोरा देणारं कारण पुढे येतंय, एवढंच ते सांगतं. ‘खरं तर’ म्हणजे ‘आँ फेत’.

कान

वाचून शंभर टक्के समजणारा मजकूर ऐकताना निम्मा का निसटतो, याचं उत्तर आम्हाला आमच्याच भाषेत सापडलं. पुस्तकातून मराठी शिकलेल्या माणसाला ‘येतो आहे’ माहीत असतं, रस्त्यावर ऐकू येतं ‘येतोय’. फ्रेंचचंही तसंच. ‘ज न से पा’ प्रत्यक्षात ‘शे पा’ होतं. ‘ज स्वी’ होतं ‘श्वी’. ‘इल्या’ होतं ‘या’, ‘इल न्या पा’ होतं ‘यापा’. ‘केल्क शोझ’चं ‘केक शोझ’, ‘पार्स क’चं ‘पास्क’. नकारातला ‘न’ बोलण्यात सहसा गळतो, आणि त्यामुळे एक घातक जोडी तयार होते: ‘जाँ व्हो प्ल्यूस’ म्हणजे अजून हवंय, ‘जाँ व्हो प्ल्यू’ म्हणजे आता नको. शेवटच्या एका ‘स’वर अर्थ उलटतो.

सरावाची पद्धत अशी. फ्राँस क्युल्त्यूर किंवा फ्राँस अँतेर या फ्रेंच रेडिओ वाहिन्यांवरच्या एखाद्या मुलाखतीचा आठ मिनिटांचा तुकडा घ्यायचा. एकदा सलग ऐकायचा, हात न लावता. दुसऱ्यांदा मुद्दे टिपायचे. मग त्यातलं एकच मिनिट निवडून शब्दन्‌शब्द लिहून काढायचं. पंधरा-वीस वेळा मागेपुढे करावं लागतं, लागू द्यावं. लिहून झालं की जे निसटलं त्यावर चारपैकी एक खूण करायची. शब्दच नवा होता. शब्द माहीत होता पण ओळखू आला नाही. आकडा किंवा विशेषनाम होतं. शब्द सगळे कळले, वाक्य लागलं नाही. आमच्या खुणांत दुसरी सतत पुढे राहिली. म्हणजे शब्दसंग्रह वाढवून कान सुधारत नाही. माहीत असलेल्या शब्दांची घासलेली रूपं ओळखायला शिकावं लागतं. हे कळल्यावर शब्दांच्या याद्यांचा वेळ आम्ही निम्म्यावर आणला.

आकड्यांसाठी वेगळा सराव हवाच. ‘कात्र-व्हँ’ म्हणजे शब्दशः चार विसा. खेड्यात जुनी माणसं अजूनही विसांत मोजतात, त्यामुळे कल्पना परकी नाही. अवघड जातं ते वेगानं आलेलं ‘मिल नफ साँ कात्र-व्हँ-दी-सेत’. हे १९९७ आहे हे कळेपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून जातात. ऐकतानाच आकड्यात लिहायचं, मनात मराठीत म्हणायचं नाही. ‘मिलियों’ म्हणजे दहा लाख, ‘मिलियार’ म्हणजे शंभर कोटी. हे रूपांतर परीक्षेत करत बसू नये, फ्रेंच शब्दच टिपावा. दशांशाला तिकडे स्वल्पविराम असतो, हेही डोळ्याला सवयीचं व्हायला हवं.

वेळेचं गणित पुण्याला सोयीचं आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फ्रान्स आपल्या साडेतीन तास मागे असतं, एरवी साडेचार. तिकडच्या सकाळी आठच्या बातम्या आपल्याकडे साडेअकरा किंवा साडेबाराला थेट ऐकता येतात. ऑफिसला जाताना ऐकण्याबद्दल मात्र सावध राहावं. बसमध्ये ऐकायला हरकत नाही. गोंगाटातून ऐकण्याचा सरावच होतो. स्कूटरवर हेल्मेटखाली इअरफोन घालून ऐकू नये. रस्ताही धोक्यात आणि लक्षही अर्धवट.

उच्चाराबद्दल थोडक्यात, कारण आपली सुरुवातच चांगली असते. फ्रेंच त, द, प, क हे जवळपास मराठीच आहेत: त-द दातांवरचे, आणि त, प, क श्वास न सोडता. इंग्रजी वळणानं ‘ट’, ‘ड’ म्हणायची सवय लागली असेल तर ती मोडावी. ‘यू’ हा स्वर ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची ठेवून निघतो, तो नीट आला नाही तर ‘दस्यू’ (वर) आणि ‘दसू’ (खाली) यांत फरक उरत नाही. ओठ ‘ओ’चे आणि जीभ ‘ए’ची ठेवली की ‘प’ (थोडं) मधला स्वर. अनुनासिकात आपण शेवटी ‘न’ किंवा ‘ङ’ चिकटवतो, कारण मराठी अनुस्वार पुढच्या व्यंजनाला बिलगतो. ‘बों’ म्हणताना जीभ टाळूला लागता कामा नये. ‘र’ घशातला आला नाही म्हणून काही बिघडत नाही, बोलणं कळलं म्हणजे झालं.

लेखी परीक्षा: २२० शब्दांची कारागिरी

सी१ची परीक्षा म्हणजे दाल्फ. तिचे चार भाग, प्रत्येकी २५ गुण. शंभरपैकी ५० मिळाले की उत्तीर्ण, पण कुठल्याही एका भागात ५पेक्षा कमी मिळाले तर बाकीचे गुण वाया. ऐकण्याला साधारण ४० मिनिटं, वाचण्याला ५०, लिहिण्याला अडीच तास, बोलण्याला तासाभराची तयारी आणि अर्धा तास. बी२चं प्रमाणपत्र नसतानाही थेट सी१ला बसता येतं, आणि एकदा मिळालेलं प्रमाणपत्र कायमचं असतं. कॅनडाच्या केंद्र सरकारच्या स्थलांतर योजनांसाठी मात्र ते चालत नाही. त्याला तेफ किंवा तेसेएफच्या कॅनडासाठीच्या परीक्षा लागतात आणि त्यांचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतो. कशासाठी शिकतोय हे आधी ठरवलं नाही तर वर्षभर भलत्याच परीक्षेची तयारी होते. पुण्यात असं झालेले लोक भेटतात.

लिहिण्याचा पहिला अर्धा भाग म्हणजे ‘सँतेझ’. दोन-तीन लेख, मिळून हजारेक शब्द, आणि त्यांचं २२० शब्दांत एकत्र मांडलेलं सार. २००च्या खाली आणि २४०च्या वर जाऊ नये. आमच्या शाळेत सारांशलेखन झालेलं असतं, म्हणून हे सोपं वाटतं. तिथेच घसरतो. सारांश एका उताऱ्याचा असतो आणि उताऱ्याच्या क्रमानं जातो. सँतेझमध्ये लेखांचा क्रम मोडायचा असतो. ‘पहिला लेख म्हणतो… दुसरा लेख म्हणतो…’ असं लिहिलं की मूळ कामच झालेलं नसतं.

उदाहरणासाठी विषय घेऊ मोफत सार्वजनिक वाहतूक. फ्रान्समध्ये तो जिवंत वाद आहे: दंकर्कमध्ये सप्टेंबर २०१८पासून बस मोफत आहे, मोंपेलिएत डिसेंबर २०२३पासून रहिवाशांना. समजा एक लेख म्हणतो प्रवासी वाढतात आणि गरिबांना शहर मोकळं होतं. दुसरा म्हणतो तिकिटाचा पैसा गेला की गाड्यांच्या देखभालीला आणि नव्या मार्गांना कात्री लागते. कागद आडवा धरून तीन रकाने आखायचे. डावीकडे मुद्दा, मधे पहिल्या लेखाचं म्हणणं, उजवीकडे दुसऱ्याचं. मुद्दे लेखांतून काढायचे: पैसा, प्रवासी, न्याय, पर्यावरण. एका रकान्यात भर आणि दुसऱ्यात रिकामं असेल तर तो मुद्दा छोटा ठेवायचा. मग सगळ्याला पुरून उरेल असा एकच प्रश्न लिहायचा. ‘मोफत वाहतूक चांगली का’ हा प्रश्न फार ढोबळ. ‘भाडं माफ केल्यानं सेवा सगळ्यांची होते की दुबळी होते’ हा प्रश्न दोन्ही लेखांना एकाच जागी बांधतो, आणि परिच्छेद आपोआप दोन पडतात.

सँतेझमध्ये स्वतःचं मत नको, बाहेरची माहिती नको, आणि लेखातली वाक्यं जशीच्या तशी नकोत. म्हणजे वर सांगितलेलं दंकर्क लेखात नसेल तर तुम्हाला माहीत असूनही लिहायचं नाही. उरते ती पुनर्रचना, आणि त्याची किल्ली आहे क्रियेचं नाम करणं. मराठीत ‘किमती वाढल्या’चं ‘भाववाढ’ होतं, तसं. फ्रेंच वृत्तपत्रांचे मथळे याच पद्धतीचे असतात. आम्ही रोज एका मराठी अग्रलेखातली पाच वाक्यं घेऊन त्यांचे फ्रेंच मथळे करायचो. वाढणं ते ‘ओस’, बंद होणं ते ‘फेर्मत्यूर’, तक्रार करणं ते ‘प्लँत’. वीस मिनिटांचं काम, पण तीन महिन्यांनी एकेका सँतेझमध्ये चाळीस-पन्नास शब्द वाचायला लागले.

शब्द मोजण्याचा नियम साधा आहे: दोन मोकळ्या जागांमधलं सगळं मिळून एक शब्द. ‘सेतादीर’ लिहिताना त्यात जोडरेघा आणि अपॉस्ट्रॉफी असल्या तरी एकच शब्द धरतात. ओळीत सरासरी किती शब्द बसतात हे आपल्या अक्षराचं एकदा मोजून ठेवलं की परीक्षेत बोटं मोडत बसावं लागत नाही.

दुसरा भाग निबंध, किमान २५० शब्द, त्याच विषयावर, आणि इथे मत हवंच. इथे पुण्याचा माल कामाला येतो. २००७मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल झाली; बस वेळेवर मिळाली नाही तर माणूस दुचाकी घेतो, मग तिकीट कितीही स्वस्त असो. हे उदाहरण कुठल्याही ठोकळेबाज वाक्यापेक्षा जड ठरतं. शाळेतल्या मराठी निबंधाची एक सवय मात्र सोडावी लागते. आपण सुरुवात सुविचारानं किंवा ‘आजच्या आधुनिक युगात’नं करतो, आणि फ्रेंचमध्ये तेच ‘द नो जूर’ होऊन येतं. त्याऐवजी पहिल्या दोन वाक्यांत ठोस वस्तुस्थिती, तिसऱ्यात प्रश्न, चौथ्यात पुढे काय मांडणार ते. फ्रेंच वाचक आराखडा आधी मागतो. तो दिला नाही तर मधली चांगली वाक्यंही विस्कळीत वाटतात.

बोलणं

तोंडीत तासभर कागद वाचून आठ-दहा मिनिटांचं विवेचन करायचं, मग पंधरा-वीस मिनिटं परीक्षकांशी वाद. तयारीच्या तासात पूर्ण वाक्यं लिहू नयेत, कारण लिहिलेलं वाचलं जातं आणि आवाज सपाट होतो. एका पानावर मुद्द्यांचे शब्द, जोडशब्द ठळक, आणि पहिलं-शेवटचं वाक्य तेवढं पूर्ण. घरी मोबाइलवर आठ मिनिटं रेकॉर्ड करून ऐकावं. पहिल्यांदा ऐकताना त्रास होतो; दुसऱ्यांदा नेमकं कुठे अडखळतो ते कळतं. आम्ही बहुतेक वेळा मुद्दा बदलताना अडखळत होतो, मुद्द्याच्या मधे नाही. म्हणून पालटाची पाच-सहा वाक्यं तोंडपाठ केली आणि बाकी मोकळं ठेवलं.

वादाच्या भागात मराठी सौजन्य आड येतं. समोर वयानं मोठे परीक्षक, त्यांनी आक्षेप घेतला की आपण ‘हो, बरोबर आहे तुमचं’ म्हणून मोकळे होतो. तिथे ते गुण घालवतं. आक्षेप मान्य करायचा तो निम्मा, आणि पुढे आपला मुद्दा धरून ठेवायचा: ‘सेर्त… मे’ किंवा ‘ज व्हू ल कोंसेद, तूतफ्वा…’. ‘मान्य, पण’ हे आपण अमृततुल्यच्या टपरीवर उभे राहून रोज करतो. फक्त त्याला ‘व्हू’ लावून सभ्य भाषेत करायचं आहे. हा सराव एकट्यानं होत नाही. चौघांत एकानं मुद्दाम विरोधी पक्ष घ्यायचा, आणि विषय असा निवडायचा की त्याला खरंच राग यावा.

लेखीचे अडीच तास आम्ही असे वाटले: सँतेझला सव्वा तास, निबंधाला एक तास, शेवटची पंधरा मिनिटं फक्त तपासायला. तपासताना कागद चार वेळा वाचायचा, दर वेळी एकाच गोष्टीसाठी. पहिल्यांदा फक्त नामांची लिंगं आणि त्यांची विशेषणं. दुसऱ्यांदा ‘क’च्या मागे-पुढे उभी असलेली धातुसाधितं. तिसऱ्यांदा आर्टिकल. चौथ्यांदा क्रियापदांपुढचे ‘आ’ आणि ‘द’. चारही गोष्टी एकदम शोधायला गेलं की डोळा अर्थ वाचायला लागतो आणि चुका तशाच पुढे निघून जातात. कुठल्या चार गोष्टी शोधायच्या हे ज्याचं त्यानं आपल्या चुकांच्या वहीतून काढावं. आमच्या चौघांच्या चार याद्या होत्या, आणि लिंग तेवढं चारही याद्यांत होतं.